तीन विहिरी आणि एक दीर्घिका

आमच्या घरी सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नसे, आणि मी नेमका असा धंदा धरला की जो सूर्य मावळल्याशिवाय सुरूच होत नसे. सांगलीत आमचं हळदीचं दुकान होतं. मुलगा एम.एस्सी. झाला ते झाला, आता त्यानं गादीवर बसावं, अशी वडिलांची अपेक्षा. मी बसलो नाही. पीएच.डी.ला नाव घातलं आणि वडूजच्या पुढच्या एका उघड्या माळावर तीन उन्हाळे काढले. मी तिथं नक्की काय करतो हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही, पण संध्याकाळी साडेपाचला जेवून घेतोस ना, एवढं ती प्रत्येक पत्रात विचारायची. घेत होतो. देवाधर्माचं मला फारसं नव्हतं, पण आईला खोटं लिहायची हिंमत नव्हती. मग पहाटे तीनला पोटात कावळे ओरडत असायचे आणि मी पाण्याचा घोटही न घेता आकडे उतरवत बसायचो.

काय शोधत होतो ते सांगतो. त्यात फार अवघड काही नाही. ते अवघड असल्याचा तेव्हा मला अभिमान होता, एवढंच. काही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच ताऱ्यांचे अफाट समूह, रेडिओ लहरी नुसत्या ओकत असतात. कन्या राशीत अशी एक आहे. तिच्या पोटातून बाहेर पडलेला एक झोत मोठ्या दुर्बिणीतून दिसतो. जिथून एवढं बाहेर पडतं तिथून अतिशय मोठ्या ऊर्जेचे गॅमा किरणही येत असलेच पाहिजेत, असं माझ्या सरांचं म्हणणं. असा एखादा किरण पृथ्वीच्या हवेवर आदळला की वरच्या वर कणांचा सडा पडतो आणि त्यातून निळसर उजेडाची एक चमक खाली येते. ती इतकी अल्पजीवी की डोळ्यांना दिसत नाही. मोठा आरसा आणि त्याच्यापुढे उजेड टिपणारी एक काचेची नळी लावली तर मात्र ती पकडता येते. काळोख हवा, चंद्र नको, ढग नकोत.

खरी पीडा पुढेच आहे. असल्याच चमका दुसऱ्या वैश्विक किरणांमुळे साऱ्या आकाशातून सतत येत असतात, आणि एका चमकेवर दुसरीपेक्षा वेगळा शिक्का मारलेला नसतो. म्हणून नुसतं मोजायचं. दीर्घिकेकडे आरसे रोखून दोन तास, त्याआधी एक तास रिकाम्या आकाशाकडे आणि नंतर एक तास पुन्हा रिकाम्या आकाशाकडे. दीर्घिकेच्या वेळात चमका थोड्या जास्त आल्या, आणि अशा रोज आल्या, तर त्या जास्तीच्या तिच्या. भरल्या बाजारात उभं राहून आपल्या मामाचा खोकला ओळखण्यातला प्रकार.

सरांनी लष्कराच्या भंगारातून सर्चलाइटचे दोन आरसे मिळवले होते. विमानं शोधायला वापरायचे तसले. त्यांच्यावर चरे होते, एकाची कड उडालेली होती, पण सर त्यांच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसे बघायचे. सर त्या वर्षी जूनमध्ये निवृत्त होणार होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं होतं, आणि एक तरी गोष्ट आपण शोधलेली असावी, ही त्यांची भूक मला ऐकू येण्याइतकी मोठी होती. माझी भूक त्याहून क्षुद्र होती. माझ्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. पहिले दोन उन्हाळे कोरडे गेले होते. तिसऱ्यातही काही आलं नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर हळद.

पहिली दोन वर्षं आमची यंत्रं डिझेलच्या जनरेटरवर चालायची. तो धूर ओकायचा, मधेच रुसायचा, आणि त्याचं डिझेल उंब्रजहून आणताना माझा जीव जायचा. तिसऱ्या वर्षी माळाच्या पायथ्याच्या विहिरींना वीज आली आणि सरांनी खटपट करून एक तार वर आमच्या खोलीपर्यंत ओढून घेतली. मला गगन ठेंगणं झालं. जनरेटर मी स्वतः कराडला पोचवून आलो. वीज कमी-जास्त होते म्हणून एक स्टॅबिलायझर हवा होता. तोही मीच तारा गुंडाळून तयार केला आणि कराडच्या प्रयोगशाळेत तपासला. तिथं तो उत्तम चालला. तिथली वीज चांगली होती.

पायथ्याला तीन विहिरी होत्या. तिन्ही एकाच भावकीच्या, आणि थोरली पाती, म्हणजे मोठा वाटा, फौजेतून पेन्शनीत आलेल्या एका हवालदाराची. सगळा गाव त्यांना हवालदारच म्हणायचा. मी आबा म्हणायचो. ताठ माणूस. तोफखान्यात नोकरी झालेली, त्यामुळे आमचे आरसे बघताच त्यांनी ओळखले आणि दोन बोटांनी काचेला न लागता त्यांची कड चाचपली. मी काय शोधतो ते त्यांना समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की शत्रू किती लांब आहे. मी आकडा सांगितला. त्यांनी चहा मागवला.

अडचण आली ती त्यांच्या विहिरीवरच्या दिव्याची. नव्या विजेच्या कौतुकानं त्यांनी मोटरीच्या खोपटावर मोठा बल्ब लावला होता आणि त्याचा उजेड वर आमच्या आरशांपर्यंत यायचा. सर म्हणाले, जा आणि सांग, रात्रभर बंद ठेवा. मी गेलो. पण बोलायची वेळ आली तेव्हा माझी जीभ अडखळली. शेतीला वीज मिळायची तीच मुळी रात्री दहानंतर. माणसं अंधारात पाण्याची दारं धरणार, पायाखाली विंचूकाटा, आणि मी कोण कुठला सांगलीचा शेठ त्यांना दिवा विझवा म्हणून सांगणार? मग भिडेखातर मी रात्रभराऐवजी दोन तास म्हटलं. फक्त दीर्घिकेच्या वेळचे दोन तास. दिवा आरशांच्या पाठीमागच्या बाजूला आहे, त्यानं फारसं बिघडत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. एका रात्री दिवा लावून आणि विझवून तपासूनही बघितलं. आकड्यांत फरक पडला नाही. म्हणजे खरं तर विचारायचीच गरज नव्हती. पण आता शब्द टाकला होता, तो परत कसा घ्यायचा?

हवालदारांनी फक्त वेळ विचारली. मी सांगितलं की वेळ रोज चार मिनिटांनी अलीकडे सरकते, कारण तारे रोज तेवढे लवकर उगवतात. ते त्यांना लगेच पटलं. त्यांनी कागदावर लिहून मागितलं. मी छानपैकी रेघा मारून फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या अंधाऱ्या रात्रींचं वेळापत्रक करून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि घडी न घालता घरी नेलं.

आणि त्या वर्षी दीर्घिका दिसायला लागली.

पहिल्या आठवड्यात मी विश्वास ठेवला नाही. दीर्घिकेच्या दोन तासांत चमका जास्त होत्या. थोड्याच, पण रोज. महिन्याभरानं एका शनिवारी सर एसटीनं आले, रजिस्टर मांडीवर घेऊन बसले आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो चार मिनिटांचा. कुठल्याही खोट्या खुणेला पकडायची ही जुनी युक्ती आहे. माणसांच्या गोष्टी घड्याळानं होतात. शेवटची गाडी साडेदहाला येते ती उद्याही साडेदहालाच येते. आकाशातली गोष्ट मात्र उद्या चार मिनिटं आधी होते. तेव्हा जास्तीच्या चमका घड्याळाला चिकटून बसल्या असतील तर तो कुणाचा तरी उपद्व्याप, आणि ताऱ्यांबरोबर सरकत असतील तर त्या वरूनच आलेल्या.

मी आकडे मांडले. त्या सरकत होत्या. रोज चार मिनिटं, शिस्तीत. महिन्याभरात पहाटेच्या तिनावरून मध्यरात्रीच्या पुढे एकावर आल्या.

सर उठले. बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि ते म्हणाले की माळावर धूळ फार आहे. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा होता, असं मी आजही म्हणेन. मग त्यामागे काही का असेना. देशात त्या महिन्यात निवडणूक होती, खाली गावात माणसं रेडिओला कान लावून बसली होती, सरकार पडतंय की राहतंय. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आमच्या हाती पाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड लागला होता.

मार्चच्या अंधाऱ्या पंधरवड्यात मात्र ओळीनं चार रात्री अशा आल्या की जास्तीचं काहीच नाही. दीर्घिकेचे दोन तास आणि रिकाम्या आकाशाचे दोन तास, दोन्ही सारखे. मी चडफडलो. वर बघितलं. आकाश स्वच्छ वाटत होतं, पण अगदी पातळ ढग डोळ्यांना कुठे दिसतात? उंचावर असतीलच की. त्या चारही रात्रींसमोर मी रजिस्टरात 'विरळ ढग' असं लिहिलं आणि त्या हिशेबातून काढून टाकल्या. पाचव्या रात्री दीर्घिका परत आली. म्हणजे ढगच होते, असं मी स्वतःला सांगितलं. रजिस्टरात विजेचा दाब लिहायचा एक रकानाही होता. तो मी फेब्रुवारीतच भरायचं सोडलं होतं. रोज उठून मीटर बघायचं आणि काय, तर स्टॅबिलायझर आहे ना.

एप्रिलच्या मध्याला सरांनी निबंध लिहून काढला. सांगलीत टाइप करून घेतला, पातळ कागदावर, तीन प्रती. आपल्या नावाआधी माझं नाव घातलं. वडिलांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की आमच्या पोराला तारा सापडला. आईनं मंदिरात श्रीफळ ठेवलं. निबंध आठ दिवसांत टपालात पडणार होता, आणि मी हवालदारांचे आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. घरी फक्त त्यांची कारभारीण होती.

घराशेजारीच कांद्याचं रान होतं. तीन महिने मी त्याच्या बांधावरून येत-जात होतो. पात पिवळी पडत गेली, आडवी झाली, ते मी बघितलं होतं, आणि मला वाटलं होतं की कांदा पिकला. आमच्या घरात कांदा येत नाही. पिकलेला कांदा कसा दिसतो आणि मेलेला कसा दिसतो, हे मला कसं कळणार? त्या दिवशी ओसरीवर टेकलो आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, मावशी, कांदा झकास आलाय, काढायला झाला.

बाई मशेरी लावत होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची थट्टा करतोय. मग उठली, रानातून एक कांदा उपटून आणला आणि माझ्या हातात दिला. सुपारीएवढा होता.

"आवं पावनं, पानी कुठनं मिळायचं त्याला?" ती म्हणाली. "तुमच्या ताऱ्याच्या येळंला तिनी मोटरी बंद असत्यात. तुमीच कागूद दिलाय न्हवं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, दिवा. दिवा बंद करायला सांगितला होता. ती म्हणाली दिवा तर बंद असतोच, पण मोटरी चालल्या की जमीन हादरते आणि आरसा हलतो, असं घरधन्याचं म्हणणं. तोफखान्यातल्या माणसाला जमिनीच्या हादऱ्याचं कोण सांगणार? दोघा भावांना विनवून, एकाच्या तर पाया पडून, त्यांनी तिन्ही मोटरी बंद ठेवायचं कबूल करून घेतलं होतं. गजराचं घड्याळ घेऊन रोज विहिरीवर झोपायचे. कागदावरची वेळ झाली की बंद, दोन तासांनी सुरू. तोवर सारीत, म्हणजे रानातल्या चरीत, पोचलेलं पाणी मुरून गेलेलं. वीज जाईपर्यंत निम्मं रान कोरडंच राहायचं. मला हे सांगायचं नाही अशी घरात ताकीद होती. पाहुण्याला उपकार बोलून दाखवायचा नसतो.

"उंब्रजला लगनाला गेलो ते चार दिस काय त्यो पानी प्याला तेवढाच," ती म्हणाली. "आमी न्हवतो, तवा दिरानं तिनी मोटरी चालू ठिवल्या."

मी विचारलं, लग्न कधी होतं. तिनं तिथी सांगितली.

कांदा हातात घेऊन मी माळ चढलो. चढता चढता एकेक गोष्ट जुळत गेली. तीन मोटरी एका तारेवर, आणि त्याच तारेच्या शेवटाला आम्ही. मोटरी चालू असताना आमच्याकडे विजेचा दाब इतका खाली जात असणार की माझा स्टॅबिलायझर हात टेकत असणार. त्या बंद झाल्या की दाब चढायचा. आमची नळी दाबाच्या बाबतीत फार हळवी. तो किंचित चढला तरी ती जास्त मोजू लागते. दीर्घिकेच्या दोन तासांत मोटरी बंद, रिकाम्या आकाशाच्या वेळी चालू. आणि रोज चार मिनिटं अलीकडे, कारण वेळापत्रक मीच दिलं होतं. ज्या एका युक्तीनं ताऱ्याला माणसापासून वेगळं ओळखायचं, ती मी रेघा मारून, सुवाच्य अक्षरात, माणसाच्या हाती दिली होती.

रजिस्टर उघडून बघायची गरज नव्हती, तरी उघडलं. लग्नाच्या चार रात्री आणि 'विरळ ढगा'च्या चार रात्री त्याच होत्या.

त्या रात्री मी मीटरसमोर बसलो. वेळ झाली, काटा वर चढला. खाली विहिरीवरचा दिवा विझलेला होता. दोन तासांनी काटा खाली आला. एवढं साधं होतं. तीन महिन्यांत एकदा बघितलं असतं तर पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वडूजहून कराड आणि कराडहून सांगली गाठली. वाटेत मलकापूरला गाडी बराच वेळ उभी होती आणि माझ्या मनात एक विचार आला, तो मी लपवणार नाही. हे फक्त मला माहीत आहे. त्या बाईला आपण काय बोललो ते कळलेलं नाही. निबंध तयार आहे. जगात दुसरं कुणी या माळावर येऊन तीन विहिरी मोजणार नाही. सांगलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत मी दोन वेळा ठरवलं की काही सांगायचं नाही. मग सरांच्या दारात पोचलो आणि त्यांनी माझ्याकडे बघूनच विचारलं की काय झालं.

मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. टाइप केलेल्या तिन्ही प्रती शेजारच्या टेबलावर, वर पेपरवेट. मला वाटलं होतं ते चिडतील, सर्चलाइटच्या आरशांसकट मला शिव्या घालतील. त्यांनी फक्त रजिस्टर मागितलं आणि मार्चचं पान काढलं.

"इथं तू विरळ ढग लिहिलंयस," ते म्हणाले. "होते का ढग?"

"नव्हते, सर."

त्यांनी पान मिटलं. रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मग ते म्हणाले, "त्या माणसाची चूक मला समजते. तुझी समजत नाही."

एवढंच बोलले. नंतर आतून चहा आला, तो आम्ही प्यालो. तिन्ही प्रती त्यांनी माझ्यासमोर कपाटात ठेवल्या, फाडल्या नाहीत. त्यांना फाडायलाही जड गेलं असणार. सगळा मोसम निकामी होता. प्रत्येक रात्री मोटरींचा खेळ झालेला, आणि दाब लिहिलेला नाही, तेव्हा दुरुस्तही काही करता येत नव्हतं. भरवशाच्या फक्त चार रात्री उरल्या होत्या आणि त्यांत काही नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, की 'काही सापडलं नाही' असं लिहिता येईल का. सर म्हणाले, तेही नीट शोधलेल्या माणसालाच लिहिता येतं.

जूनमध्ये ते निवृत्त झाले. माझी नोंदणी गेली. मी सांगलीत एका कॉलेजात मास्तरकी धरली आणि तीस वर्षं पोरांना विजेचा दाब आणि प्रवाह शिकवला. वडिलांनी दुकानात विषय काढायचं बंद केलं. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे पंचवीसेक वर्षांनी ती दीर्घिका खरोखरच सापडली, दुसऱ्या देशांत, दुसऱ्यांना, कितीतरी मोठ्या आरशांनी. बातमी वाचली तेव्हा सर हयात नव्हते. तिचा उजेड इतका क्षीण निघाला की आमच्या त्या दोन भंगार आरशांना तो शंभर वर्षांतही दिसला नसता. म्हणजे वीज सुरळीत असती, मी मीटर बघितला असता, तरी हातात काही नव्हतंच. याचं कुणी समाधान मानील. मला त्यानं अधिकच रिकामं वाटलं.

पण माझ्या मनातून जात नाही ते यातलं काहीच नाही.

मेच्या सुरुवातीला मी सामान उतरवायला माळावर गेलो. ट्रक सकाळीच आला होता. आरसे गोणपाटात गुंडाळून चढवत होतो तेवढ्यात हवालदार वर आले. धुतलेला सदरा, डोक्यावर पटका. मी मान खाली घालून दोर आवळत राहिलो. ते पुढे झाले. एका आरशाला ट्रकमध्ये चढवायला त्यांनी खांदा दिला. मग विचारलं, "घावला का तारा?"

मी म्हटलं, "नाही, आबा."

त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. हात मागे बांधून ते आरशांच्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. आबा, यात तुमचा दोष नाही. आबा, मोटरी बंद करायच्या नव्हत्या. पण दुसरं वाक्य बोललं की पहिलं खोटं पडत होतं. वाळलेला कांदा, भावाचे धरलेले पाय, तीन महिने विहिरीवर काढलेल्या रात्री, हे सगळं फुकट तर गेलंच, वर त्यानंच घात झाला, हे या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. मी एकदा भीड धरली होती, त्याची फळं ट्रकमध्ये चढत होती, आणि तरी माझी जीभ वळेना.

तेच बोलले.

"मंग त्या चार रातीतच येऊन गेला आसंल," ते म्हणाले. "लगनाला गेल्तो आमी. भावाला बजावलं व्हतं, पर त्येनं मोटरी चालू ठिवल्या. डूटीवर मी न्हवतो."

मी वर बघितलं. त्यांनी टाचा जुळवल्या होत्या.

"चुकी माजी हाय, पावनं. तुमच्या सरास्नी तसं सांगा."

त्या चार रात्रीच काय त्या खऱ्या होत्या. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. दोराची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा मारली, आणि माझं गप्प राहणं म्हणजे होकारच, असं त्यांनी धरलं. ते वळले आणि माळ उतरून गेले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा मी ट्रकमध्ये बसलो.

त्यांना खरं सांगायला मी परत जाणार होतो. त्या दिवाळीत जाणार होतो, मग पुढच्या उन्हाळ्यात. पुष्कळ वर्षांनी त्यांचा पुतण्या मुलाच्या प्रवेशासाठी आमच्या कॉलेजात आला. बोलता बोलता ओळख निघाली. मी हवालदारांचं विचारलं. ते वारले होते, त्यालाही सहा-सात वर्षं झाली होती.

"म्हातारं मरंस्तवर एकच सांगायचं बगा," पुतण्या हसत हसत म्हणाला. "म्हनायचं, फौजेत येक दिस डूटी चुकीवली न्हाई, आन घरी येऊन माज्यापायी तारा हुकला."

त्याला ती गंमत वाटत होती. मीही हसलो आणि त्याच्या मुलाचा फॉर्म तपासायला घेतला.